मार्करच्या आधी कागद: अल्कोहोल मार्करनं चित्र रंगवायचं कसं आणि सामान घ्यायचं कोणतं

दर रविवारी माझ्याकडे परभणीत सात-आठ लेकरं चित्र काढायला येतात आणि दोन-तीन महिन्यातून एकदा तरी कुणाची तरी आई मोबाईल पुढं करून विचारते, मॅडम हा ऐंशी मार्करचा सेट घेऊ का, ऑफर चालू आहे. मी दर वेळी एकच विचारते, ताई, कागद कोणता वापरणार? कारण ऐंशी मार्कर घेऊन लेकरू जर शाळेच्या ड्रॉइंग वहीतच रंगवणार असेल तर आठ दिवसात ते म्हणणार की मला जमत नाही, आणि त्यात त्याची काहीच चूक नसणार. कागद चांगला आणि मार्कर बाराच असले तरी चित्र होतं. उलटं केलं तर होत नाही. मी स्वतः हे उलटंच केलं होतं, ऑनलाइन बिनब्रँडचा मोठा सेट मागवला, त्यातले निम्मे मार्कर मी कधी वापरलेच नाहीत आणि वापरायला काढले तोवर बरेच वाळून गेले होते, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितेय.

आधी मार्कर म्हणजे नेमकं कोणते ते बघू, कारण दुकानात सगळ्यालाच मार्कर म्हणतात. शाळेतले स्केच पेन आणि त्याच जातीतले ब्रश पेन हे पाण्याचे. त्यानं एकाच जागी दोन-तीनदा घासलं की कागदाचे बारीक गोळे निघायला लागतात आणि पट्टे दिसतात. लहान लेकरांना हेच बरे, वास नाही, कपड्यावर पडलं तर बहुतेक धुवून निघतं. दुसरे ॲक्रिलिक मार्कर, पोस्का वगैरे, ते झाकणारे असतात, मडक्यावर, दगडावर, लाकडावर चालतात, पण एकात एक मिसळायला अवघड. तिसरे अल्कोहोल मार्कर. आपण बोलतोय ते हे. यातला रंग अल्कोहोलमध्ये विरघळलेला असतो, कागदावर टेकवला की अल्कोहोल उडून जातं आणि रंग कागदात राहतो, आणि परत वरून ओला मार्कर फिरवला की खालचा रंग पुन्हा थोडा सुटतो. दोन रंग एकमेकात विरतात ते याच कारणानं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या लेकरांचा हात पोस्टर कलरवर बसलेला असतो, त्यांना सुरुवातीला हे जड जातं. पोस्टर कलर झाकतो, गडद हिरव्यावर पिवळा ठिपका देता येतो. अल्कोहोल मार्कर झाकत नाही, काचेसारखा पारदर्शक असतो, गडदवर फिका दिला तर फिका दिसतच नाही. म्हणून इथं कायम फिक्यापासून गडदकडे जायचं आणि जिथं पांढरं पाहिजे तिथला कागद पहिल्यापासून कोरा सोडायचा.

आता कागद. कार्ट्रिज शीट, जी आपल्याकडे कोणत्याही स्टेशनरीत मिळते, ती पेन्सिलला आणि खडूला छान आहे पण मार्करला नाही. तिचा खरखरीत पृष्ठभाग ब्रशच्या टोकाला कानशीसारखा घासतो आणि कागद शाई पितच राहतो, म्हणजे मार्कर लवकर संपतो वर रंग रेषेच्या बाहेर पसरतो. साधा झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद गुळगुळीत असतो, सरावाला चालतो, पण शाई आरपार जाते, त्यामुळे खाली दुसरा जाड कागद ठेवल्याशिवाय टेबलावर रंगवू नका. खास मार्कर पॅड मिळतात, ब्रस्ट्रोचे मिळतात, परदेशी कंपन्यांचेही आहेत, त्यातले काही कागद अगदी पातळ, ७० जीएसएमच्या आसपास असतात आणि मागून लेप दिलेला असतो म्हणून शाई खाली उतरत नाही, वरच जास्त वेळ ओली राहते आणि मिसळायला वेळ मिळतो. पातळ आहे म्हणून कमी दर्जाचा समजू नका.

आणि एक गावातली सोय सांगते. आयव्हरी शीट. प्रोजेक्टला लेकरं वापरतात ती, छपाईच्या प्रेसमध्येही पत्रिका आणि कार्डासाठी असते. गुळगुळीत, जाड, पांढरी. मी प्रेसमधून उरलेल्या पट्ट्या आणते, काका बऱ्याचदा तशाच देतात, त्यावर लेकरं वर्षभर सराव करतात. सगळ्या आयव्हरी शीट सारख्या नसतात, एखादीवर शाई चकाकत वरच राहते आणि हाताला लागते, म्हणून दुकानात एक मार्कर खिशात घेऊनच जा आणि कोपऱ्यावर एक ठिपका देऊन बघा. दहा सेकंद थांबायचं. ठिपका गोलच राहिला तर कागद घ्या, त्याला केसासारखे फाटे फुटले तर ठेवून द्या.

मार्कर कोणत्या कंपनीचे घ्यायचे हा प्रश्न येतोच. कॉपिक हे जपानचे, १९८७ पासून आहेत, त्यांच्या स्केच प्रकारात ३५८ रंग आहेत, शाई परत भरता येते, टोक बदलता येतं, त्यामुळे एक मार्कर वर्षानुवर्षं चालतो. पण एकेका मार्करला काही शे रुपये मोजावे लागतात, सुरुवातीला गरज नाही. त्यांचाच चाओ (Ciao) म्हणून जरा स्वस्त प्रकार आहे, त्यात १८० रंग. ओहुहू आणि ब्रस्ट्रोचे सेट ऑनलाइन सहज मिळतात आणि शिकायला पुरेसे आहेत. घेताना एक गोष्ट नक्की बघा, एका बाजूला ब्रशचं टोक पाहिजे. बऱ्याच स्वस्त सेटमध्ये एका बाजूला चपटं आणि दुसऱ्या बाजूला कडक बारीक टोक असतं, चपट्यानं मोठी जागा भरायला बरं, पण चेहरा, साडीच्या चुण्या, पानं यांना ब्रशच लागतो कारण दाब कमी-जास्त करून रेषा बारीक-जाड होते. पैसे कमी असतील तर ब्रश असलेले चोवीस घ्या, ब्रश नसलेले ऐंशी घेऊ नका.

कॉपिकचे आकडे मात्र समजून घ्या, तुमच्याकडे दुसरे मार्कर असले तरी. उदाहरणार्थ ई३३ हा नंबर बघा. ई म्हणजे मातीच्या रंगांचं घराणं, तपकिरी वगैरे. पहिला आकडा रंग किती झगझगीत की किती मळकट ते सांगतो, शून्याकडं झगझगीत आणि नऊकडं मळकट. शेवटचा आकडा फिका-गडद, जितका मोठा तितका गडद. म्हणजे ई३१, ई३३, ई३५, ई३७ ही सख्खी भावंडं, एकाच रंगाच्या चढत्या पायऱ्या. मिसळायला हेच लागतं. एका रंगाची तीन भावंडं असली तरच सावली पडते, एकेक सुटे तीस रंग असून उपयोग नाही. मोठ्या सेटमध्ये नेमकं हेच होतं, रंग ऐंशी पण कुठल्याच घराण्याची पुरती तिकडी नाही, दोन पायऱ्यांमध्ये एवढी उडी की मधोमध रेघच दिसते.

म्हणून मी सांगते की बारा मार्कर, चार तिकड्या. त्या कोणत्या घ्यायच्या ते तुम्ही काय काढता यावर. आपल्याकडचं काढायचं असेल तर सेटमधला पोपटी हिरवा फार कामाला येत नाही, आपला लिंब, बाभळ, बांधावरचं गवत धुळीनं झाकलेलं, त्याला जरा मळकट, ऑलिव्हकडं झुकणारा हिरवा लागतो. एक तिकडी त्या हिरव्याची. एक तिकडी तपकिरीची, आपल्या कातडीसाठी. एक तिकडी राखाडीची, तीही उबदार राखाडी, कॉपिकमध्ये डब्ल्यूनं सुरू होतात ते, डब्ल्यू१, डब्ल्यू३, डब्ल्यू५. चौथी तुमच्या आवडीची, मला निळी लागते. शिवाय जमलं तर एक फिका जांभळा आणि एक रंगहीन ब्लेंडर, म्हणजे रंग नसलेला, नुसत्या द्रावणाचा मार्कर.

कातडीच्या रंगाचं जरा थांबून सांगते कारण याचा मला मनापासून राग येतो. "स्किन टोन" म्हणून जे सेट विकतात त्यातले बरेच रंग गुलाबी-पीच असतात. लेकरं स्वतःच्या आजीचं चित्र काढतात आणि तिला गुलाबी रंगवतात, कारण डब्यावर तसं लिहिलंय. एका पोरीनं मला विचारलं होतं, मॅडम हा रंग आजीसारखा नाही पण यावर स्किन लिहिलंय, मग कोणता बरोबर? मी तिला म्हटलं, आजीला उन्हात बसव, हा कागद तिच्या हाताशेजारी धर आणि हातासारखा दिसेल तो रंग काढ. ई१३, ई१५, ई१७ किंवा ई३३, ई३५, ई३७ याच्या आसपासचे रंग शोधा, दुसऱ्या कंपनीत नावं वेगळी असतील पण डोळ्यानं मिळतात.

टोपणाच्या रंगावर विश्वास ठेवू नका. सेट आणला की पहिलं काम, ज्या कागदावर चित्र काढणार त्याच कागदाच्या पट्टीवर प्रत्येक मार्करचा एक चौकोन भरायचा, शेजारी नंबर लिहायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळला की फिका होतो. मी चौकोनाच्या निम्म्या भागावर दुसरा थरही देते, कारण त्याच मार्करचा दुसरा थर एक पायरी गडद येतो, म्हणजे एका मार्करचे दोन रंग फुकट मिळतात.

रेषा कशानं काढायची? बॉलपेन नको, जेलपेन तर अजिबातच नको, अल्कोहोल लागलं की फरफटतात. पिगमेंट शाईचे बारीक पेन मिळतात, मायक्रॉन किंवा युनि पिन, ०१, ०३ आणि ०५ एवढे तीन नंबर पुष्कळ. रेषा काढून पाचेक मिनिटं वाळू द्या, मग पेन्सिल खोडा. पेन्सिल खोडायची विसरू नका, मार्करखाली ग्रॅफाइट अडकलं की नंतर निघत नाही आणि फिक्या मार्करचं टोक काळं होतं ते वेगळंच.

यापेक्षाही सोपी एक युक्ती आहे, झेरॉक्स. चित्र पेननं काढा, दुकानात जाऊन त्याच्या पाच कॉपी गुळगुळीत कागदावर काढून घ्या आणि कॉपी रंगवा. मूळ चित्र तसंच राहतं, बिघडायची भीती जाते. झेरॉक्सच्या टोनरला, म्हणजे मशीनमधल्या काळ्या पावडरीला, अल्कोहोलची शाई विरघळवत नाही, आणि कॉपिक हे नावसुद्धा कॉपी या शब्दावरूनच आलंय, झेरॉक्सवर रेषा न फरफटता रंगवता यावं म्हणूनच ते मार्कर बनवले होते. कॉपी मशीनमधून निघाल्या निघाल्या गरम असताना रंगवू नका, थोडी थांबू द्या. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रिंट मात्र फरफटू शकते, आधी कोपऱ्यात तपासा.

आता प्रत्यक्ष रंगवायचं. सपाट जागा भरताना पट्टे का दिसतात, तर पहिली पट्टी वाळून जाते आणि दुसरी तिच्यावर चढते, तिथं डबल थर होतो. म्हणून ओली कड ओलीच ठेवत पुढं जायचं, छोटे छोटे गोल फिरवत, मध्येच चहाला न उठता. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, हवा कोरडी, वरून पंखा फुल्ल, अशात मार्कर टेकवला की वाळला. मी उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत मोठ्या जागा भरून घेते आणि पंखा दुसऱ्या बाजूला वळवते. खिडकी उघडी ठेवायची, कारण अल्कोहोलच्या वासानं बंद खोलीत डोकं धरतं, आणि देवघरातल्या दिव्याजवळ किंवा गॅसपाशी बसून रंगवायचं नाही, हे पेट घेणारं आहे, लेकरांना पहिल्या दिवशी सांगा.

रेषेपर्यंत रंग नेऊ नका, मिलिमीटरभर अलीकडं थांबा. शाई आपोआप सरकत रेषेला टेकते. रेषेवरच थांबलात तर ती पलीकडं जाते.

मिसळणं मी आजीच्या गालावर दाखवते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथं होतात. उन्हात ओट्यावर बसलेली आजी, ऊन डावीकडून. कपाळाचा उंचवटा, नाकाचा शेंडा आणि डाव्या गालाचं हाड इथं कागद जरासा कोरा सोडा, ज्वारीच्या दाण्याएवढा. मग सगळ्यात फिका तपकिरी, समजा ई३१, बाकी पूर्ण चेहऱ्याला लावा. तो ओला असतानाच मधला, ई३३, उजव्या गालावर, डोळ्यांच्या खोबणीत, हनुवटीखाली. मग ई३५ फक्त जिथं खरंच अंधार आहे तिथं, नाकाच्या उजव्या बाजूला, कानामागं, पदराखालच्या मानेवर. आता तीन पट्टे वेगवेगळे दिसतील आणि इथंच लेकरं घाबरतात. घाबरायचं नाही, परत मागं यायचं. ई३३ घेऊन ई३५ च्या कडेवर हलकेच फिरवा, अर्धा भाग गडदवर अर्धा मधल्यावर, मग ई३१ घेऊन ई३३ च्या कडेवर तसंच. कड विरघळते. दाबायचं नाही, टोक नुसतं टेकवून ओढायचं. आजी जास्त सावळी असेल तर याच पद्धतीनं ई३३, ई३५, ई३७.

सुरकुत्या काळ्या पेननं काढू नका. हे मी दर बॅचला सांगते. काळ्या रेषेनं चेहरा तडकल्यासारखा दिसतो. सगळं वाळल्यावर गडद तपकिरीच्या ब्रशच्या अगदी टोकानं एक रेष, आणि तिच्या वरच्या कडेला फिक्यानं एकदा फिरवायचं, म्हणजे रेष वरच्या बाजूनं मऊ होते आणि खालच्या बाजूनं ठळक राहते. सुरकुती तशीच असते ना, एक कड उन्हात आणि एक सावलीत. पदराची सावली कपाळावर पडते तिथं मी तपकिरीवर फिका जांभळा एक थर देते, काळा किंवा राखाडी देत नाही. राखाडीनं कातडी मेल्यासारखी दिसते, जांभळ्यानं सावली थंड होते पण जिवंत राहते. पिवळ्यालाही तसंच, पिवळ्यावर राखाडी दिली की हिरवट मळका रंग येतो, शाळूचं कणीस काढताना त्याची सावली तपकिरीनं द्या.

फिक्या मार्करचं टोक मिसळताना गडद होतं, ते बिघडलं नाही. रद्दी कागदावर चार रेघोट्या मारा, आतला स्वच्छ रंग येतो आणि टोक साफ होतं.

रंगहीन ब्लेंडर म्हणजे खोडरबर नाही. त्यात रंग नसतो, नुसतं द्रावण असतं, ते रंगाला ढकलतं. रंग रेषेबाहेर गेला असेल तर बाहेरून आत ढकलायला आणि वाळलेल्या रंगावर ठिपके देऊन पोत आणायला तो कामाचा. दगडाला फार छान. वेरूळचा कैलास, म्हणजे १६ नंबरची लेणी, काढायला गेलात तर तो बेसॉल्ट सगळे काळा रंगवतात, पण उन्हात तो काळा नसतोच, उबदार राखाडी असतो, कुठं तपकिरी तर कुठं जांभळट. डब्ल्यू३ चा थर, वाळल्यावर सावल्यांना डब्ल्यू५, त्यावर इकडं तिकडं फिका तपकिरी, आणि मग ब्लेंडरचे वेडेवाकडे ठिपके, दगडाची खरखर येते. काळा फक्त दाराच्या आतल्या अंधारात. बीबी का मकबरा काढताना उलटी गंमत आहे, पांढरा म्हणून सगळे कोराच सोडतात. नीट बघा, संगमरवर घुमटाला आणि खालच्या पट्ट्याला आहे, बाकी चुन्याचा गिलावा, म्हणून घुमटाची सावली मी फिक्या निळसर राखाडीनं देते आणि मिनार-भिंतीची डब्ल्यू१ नं. दोन पांढरे वेगळे दिसले की इमारत उभी राहते.

शेतातली काळी माती पण काळी नसते. उन्हाळ्यात भेगा पडलेली असते तेव्हा डब्ल्यू५ वर तपकिरी, पावसानं भिजली की त्यावरच आणखी एक गडद थर.

शेवटचे बारीक पांढरे ठिपके, डोळ्यातली चमक, नथीचा मोती, इरकली लुगड्याच्या काठावरची बारीक नक्षी, हे पांढऱ्या जेलपेननं, सगळं पूर्ण वाळल्यावर. त्यावर परत मार्कर नेऊ नका, टोकात पांढरं अडकतं. मिसळताना कुठं पट्टा राहिलाच तर वाळल्यावर त्याच रंगाची रंगीत पेन्सिल हलक्या हातानं फिरवा, पट्टा झाकतो आणि कापडाला पोतही येतो.

मार्कर ठेवायचे आडवे. दोन्हीकडं टोकं असतात, उभे ठेवले की शाई एका टोकाला उतरते आणि दुसरं कोरडं पडतं. टोपण टक् आवाज येईपर्यंत दाबायचं, आमच्याकडं आवाज आला नाही तर शेजारच्या लेकरानं टोकायचं असं ठरलेलं आहे. गाडीच्या डिकीत, गच्चीच्या पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. आणि हा रंग उजेडानं उडतो, म्हणून पूर्ण झालेलं चित्र खिडकीसमोरच्या भिंतीवर लावायचं नाही. त्याच दिवशी सावलीतल्या उजेडात, फ्लॅश बंद करून, कागदावर मोबाईल सरळ धरून फोटो काढून ठेवा, आणि मूळ चित्र फाइलमध्ये, मध्ये एक कोरा कागद घालून.